राजवाड्याचा चौक, एकास दोनशे

आमच्या घरी दिवाळीचा किल्ला एकदाच झाला, आणि तोही किल्ला नव्हता. साथीच्या पहिल्या वर्षी, मेलबर्नजवळ वेरिबीत आमच्या घरामागे जे बारा पावलांचं अंगण आहे, तिथे माझ्या वडिलांनी आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने मिळून सेंट पीटर्सबर्गमधला राजवाड्यासमोरचा चौक बांधला. माती, पुठ्ठे, दुधाचे रिकामे खोके आणि देवघरातलं कुंकू, एवढ्याच सामानावर. चौक चांगला झाला होता. त्या दिवसांत मी जे केलं ते चांगलं नव्हतं, आणि या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या सांगता येत नाहीत.

बाबा पुण्यात आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायचे. तरुणपणी त्यांना रशियाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते सहा वर्षं लेनिनग्रादला राहिले. सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव ते. परत आले ते हा चौक डोक्यात घेऊनच. घरी पाहुणे आले, पोहे झाले, चहा आला, की बाबा हळूच विषय वळवायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "निघाले मैदानावर." चौक म्हटलं की पुण्याच्या माणसाला सिग्नल, रिक्षास्टँड आणि वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतात. ज्यात काहीच नाही अशा एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेचं कौतुक पाहुण्यांना कळायचं नाही. मलाही कळलं नाही. मी ड्रॉइंगमध्ये ढ निघालो, लॉजिस्टिक्स शिकायला मेलबर्नला आलो, इथेच चिकटलो आणि त्या चौकातून सुटलो असं मला वाटलं.

फेब्रुवारीत बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई आली नाही. तिची थोरली बहीण, माझी मावशी, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली, पुण्याला आमच्याच घरी असायची. तिचं खाणंपिणं, कूस बदलणं, सगळं आई करायची आणि तिला सोडून कुठेही जायची नाही. "तुम्ही जाऊन या, नातीला भेटा, रामनवमीपर्यंत परत या," असं सांगून तिने बाबांच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणी भरून दिली. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. परतीचं विमान रद्द झालं, मग दुसरं रद्द झालं, मग तिकिटं काढणंच बंद झालं.

मी एका गोदामाच्या कंपनीत रोस्टर लावतो. कोणी कधी यायचं, कोणाची कुठली शिफ्ट, कोणाला कोणाच्या जागी टाकायचं, हे ठरवायचं आणि दुपारी तीनला सगळ्यांच्या फोनवर पाठवून द्यायचं. माणसांना विचारत बसलं तर रोस्टर कधीच पुरं होत नाही, हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो. साथ आली तेव्हा हे काम मी झोपायच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर करू लागलो. बायको हॉस्पिटलात नर्स. तिच्या शिफ्ट वाढल्या, ती घरी आल्यावर आधी गॅरेजमध्ये कपडे बदलायची, मगच आत यायची. मुलीची शाळा लॅपटॉपवर. या तिघांच्या मध्ये बाबा बसले आणि घर चाललं. सकाळी नऊ ते दुपारी तीन ते नातीच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. भागाकार ते त्यांच्या पद्धतीने शिकवायचे आणि ती म्हणायची, "आजोबा, दॅट्स नॉट हाउ वी डू इट." मग दोघं वाद घालायचे, ते मराठीत, ती इंग्रजीत, असं करत उत्तर यायचं.

अडकलेल्या लोकांना भारतात नेणारी विमानं सुरू झाली तेव्हा बाबांचं नाव मीच यादीत घातलं. ईमेल माझा दिला, कारण बाबांना ईमेल उघडता यायचा पण सापडायचा नाही. रोज आमच्या दुपारी, आईच्या सकाळी, फोन व्हायचा. फोन स्पीकरवर. आईचा पहिला प्रश्न, "नंबर लागला का?" बाबा माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. बाबा म्हणायचे, "नाही गं अजून."

ऑगस्टच्या शेवटी नंबर लागला. जागा आहे, दोन दिवसांत होकार कळवा, असा ईमेल आला. मी तो इस्त्रीच्या टेबलावर वाचला, परत वाचला आणि उत्तर दिलं नाही. दोन दिवस गेले आणि जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असणार.

मी स्वतःला जे कारण दिलं ते खरं होतं. तेव्हा पुण्यात हॉस्पिटलात खाट मिळत नव्हती, बाबांना मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे. चारचौघांत सांगितलं असतं तर प्रत्येकाने माझी पाठ थोपटली असती. पण ते कारण पुरं नव्हतं. बाबा गेले असते तर मुलीपाशी कोण बसणार, बायकोच्या शिफ्टचं काय, माझं काम कसं होणार, हा विचार आधी आला आणि स्टेंट नंतर आठवला. आणि अजून एक होतं, ते सांगायला मला जास्त लाज वाटते. मला ते घरात हवे होते. मी कॉलेजात गेल्यापासून आमचं बोलणं तब्येत आणि हवामान यापलीकडे गेलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आम्ही रोज तासभर जवळच्या तळ्याभोवती चालायला जायचो, मास्क लावून, आणि ते बोलायचे. मी त्यांनाही रोस्टरमध्ये टाकलं, न विचारता. बायकोलाही सांगितलं नाही.

सप्टेंबर संपता संपता मावशी गेली. साथीने नव्हे, झोपेतच. पण दिवस साथीचे. पुण्याच्या आमच्या सोसायटीतले लोक खिडक्यांतून बघत होते, खाली कोणी उतरलं नाही. ज्यांनी उतरायचं ते नातेवाईक सीलबंद गल्ल्यांत अडकलेले. विद्युतदाहिनीपाशी घरचं माणूस म्हणून आई एकटी उभी होती, शववाहिनीचा ड्रायव्हर तिच्यासाठी पाण्याची बाटली धरून थांबला होता. हे तिने आम्हाला फोनवर सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. बाबा ऐकत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. त्यानंतर आईने नंबर लागला का हे विचारणं सोडून दिलं.

बाबांचं बोलणं कमी झालं. चालायला यायचे, पण तळ्याकडे बघत चालायचे. लॉकडाऊनचा मलाही वीट आला होता. घरापासून पाच किलोमीटर, आठनंतर बाहेर नाही, दुकानात एकानेच जायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "आपलं शहरही लेनिनग्रादसारखं वेढ्यात अडकलंय." बाबा थांबले. त्यांनी सांगितलं, तिथल्या त्यांच्या वसतिगृहाची देखरेख करणारी बाई महायुद्धातल्या त्या वेढ्यातून वाचलेली होती. जेवण झालं की ती टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताने गोळा करायची आणि तोंडात टाकायची, विद्यार्थ्यांसमोर, न लाजता. "तुझ्या फ्रिजमध्ये तीन प्रकारचं चीज आहे," बाबा म्हणाले. "तुलना करू नकोस." त्या आठवड्यात ते एवढंच लांबलचक बोलले.

शाळेने मुलांना सांगितलं की आपापल्या घरचा एखादा सण दाखवणारी वस्तू बनवा. मुलीने दिवाळीचा किल्ला करायचं ठरवलं. माझ्या लहानपणीचे फोटो तिने पाहिले होते. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पोतं टाकायचं, माती लिंपायची, पायऱ्या कोरायच्या, अळीव पेरायचे, वर महाराजांना बसवायचं, खाली मावळे. एक दिवसाचं काम. वेरिबीची माती तर त्यासाठीच आहे, काळी, चिकट, बुटाला लागली की सुटत नाही. पण मी कॉलवरून उठून मागे गेलो तर बाबा दोरी आणि चुन्याने जमिनीवर अर्धवर्तुळ आखत होते.

"बाबा, हा बुरूज आहे का?"

"ही समोरची इमारत," ते म्हणाले. "पाचशे ऐंशी मीटर. आपण दोन मीटर नव्वदमध्ये बसवतोय. एकास दोनशे."

मुलगी फूटपट्टी धरून उभी होती. "आजोबा सेज फोर्ट्स आर फॉर कीपिंग पीपल आउट," ती मला म्हणाली. "स्क्वेअर इज फॉर लेटिंग देम इन."

पुढचे चार आठवडे मी तो चौक पहिल्यांदा ऐकला. लहानपणी नुसता कानावर पडला होता. उत्तरेला राजवाडा, लांबच लांब, पांढरे खांब, हिरव्या भिंती, छपराच्या कडेवर पुतळ्यांची रांग. ती रांग मुलीने शाबूदाण्याच्या दाण्यांनी केली. हिरवा रंग नंतरचा, असं बाबांनी सांगितलं. आधी तो पिवळसर होता, मध्ये विटेसारखा लाल होता, युद्धानंतर हिरवा झाला. राजवाडा एका राणीने बांधायला घेतला आणि राहायला जायच्या आत ती वारली. तो पुरा झाला तेव्हा समोरची जागा मजुरांच्या झोपड्या, फळ्या आणि विटांनी भरलेली होती. साफ कशी करायची? गोष्ट अशी सांगतात की नव्या राजाने दवंडी पिटवली, ज्याला जे हवं ते फुकट न्या, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या शहराने येऊन जागा झाडून नेली.

"लाइक हार्ड रबिश!" मुलगी म्हणाली. आमच्याकडे वर्षातून एकदा लोक जुनी कपाटं, खुर्च्या फुटपाथच्या कडेला ठेवतात आणि कौन्सिलचा ट्रक यायच्या आत दुसरेच लोक त्या उचलून नेतात. बाबांच्या खोलीतली पुस्तकांची मांडणी अशीच आलेली आहे. त्यांना ही उपमा इतकी आवडली की त्या दिवशी ते मावशी गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले.

राजवाड्यासमोर ती धनुष्यासारखी वळलेली इमारत, साठसत्तर वर्षांनंतरची, फौजेच्या कचेऱ्यांसाठी बांधलेली. दोन पंख आणि मधे भलीमोठी कमान, कमानीवर सहा घोड्यांचा रथ. फ्रेंच फौज हरली त्याची ती आठवण. कमानीतून आत येणारा रस्ता चौकाला सरळ काटकोनात भेटत नाही, तिरका येतो. मग वास्तुकाराने काय केलं, तर एकामागे एक कमानी घातल्या, किंचित फिरवून, म्हणजे रस्ता तिरका आहे हे चौकात उभ्या माणसाला कळूच नये. हे समजावताना बाबांनी दुधाच्या खोक्याच्या कमानी चारदा कापल्या. आणि अरुंद रस्त्याने कमानीखालून येता येता एकदम समोर सगळं आभाळ उघडतं, ते त्यांना सांगताच यायचं नाही. तिथे पोचलं की ते नुसतेच हात पसरायचे. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, बर्फ पडत होतं आणि अंगात कोणाचा तरी उसना ओव्हरकोट होता.

"राजवाडा इटालियन माणसाने काढला, समोरची इमारतही इटलीत जन्मलेल्याने, आणि चौकातला मधला खांब फ्रेंच माणसाने," बाबा एकदा म्हणाले. "फ्रेंचांना हरवल्याचा खांब, तोही फ्रेंच माणसाने."

"म्हणजे सगळे स्किल्ड व्हिसावाले," मी म्हटलं.

"आणि मजूर सगळे तिथलेच," ते म्हणाले. पुढे काही वेळ ते माती मळत राहिले. मग त्यांनी नातीला सांगितलं की याच चौकात एका जानेवारीत मजूर बायकापोरांसह आपली गाऱ्हाणी घेऊन, देवांच्या तसबिरी हातात धरून, राजाला भेटायला आले, आणि राजा घरी नव्हता, शिपाई होते, त्यांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांनी तिथेच क्रांती झाली. मुलीने विचारलं, "डिड द किंग नो?" बाबा म्हणाले, ते कळायला उपाय नाही, पण लोकांनी मात्र त्यानंतर त्याला कधी माफ केलं नाही. मी तारेवर कपडे वाळत घालत होतो. एका मोज्याची जोडी मला बराच वेळ सापडेना.

कुंपणापलीकडचा पंजाबी शेजारी रोज डोकावून जायचा. "अंकलजी, ये किला है या पार्लमेंट?" असं त्याने विचारलं तेव्हा बाबांनी त्याला कुंपणावरूनच वीस मिनिटं व्याख्यान दिलं आणि त्याने जाताना उरलेला पांढरा रंग आणून दिला.

मग खांब. चौकाच्या मधोमध लाल ग्रॅनाइटचा एकसंध खांब आहे, फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या खाणीतून एकच तुकडा कापून तराफ्यावरून आणलेला, सहाशे टनांचा. दोन हजार सैनिकांनी दोरखंडांनी ओढून तो दोन तासांच्या आत उभा केला. त्याच्याखाली खिळा नाही, पट्टी नाही, काही नाही. तो आपल्या वजनावर उभा आहे. सुरुवातीला लोक त्याच्या जवळून जायला घाबरायचे, म्हणून वास्तुकार रोज आपल्या कुत्र्याला घेऊन मुद्दाम त्याच्या पायथ्याशी फिरायला जायचा म्हणतात. बाबांना सगळ्या चौकात हेच सगळ्यात प्रिय. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून गोल लाकडी दांडी मागवली, दुकानात शिरायची बंदी होती म्हणून मी ती गाडीत बसूनच घेऊन आलो, त्यांनी ती काचपेपरने वर निमुळती केली, कुंकू कालवून रंगवली आणि एका फळीवर मधोमध उभी केली. डिंक लावायचा नाही, ही अट.

ती पडली. वेरिबीचा वारा समुद्राकडून येतो आणि त्याला मधे अडवायला काही नाही. बाबांनी तळ पुन्हा घासला, ओळंबा लावला. पडली. मुलगी घड्याळ लावून बसायची. सात मिनिटं. अकरा मिनिटं. एकदा सतरा मिनिटं झाली आणि दोघं नाचायच्या बेतात होती, तेवढ्यात पडली. बाबांना कळत होतं की लाकडाला दगडाचं वजन नसतं, एकास दोनशेमध्ये वजन त्याच मापाने उतरत नाही. त्यांनी ते नातीला गणित मांडून दाखवलंही. तरी ते रोज सकाळी चहा झाला की गुडघ्यावर बसून दांडी उभी करायचे. त्यांच्या पाठीकडे बघणं मला सहन होईना. त्यांना एवढं तरी मिळावं असं मला वाटलं. एका रविवारी दोघं व्हिडिओ कॉलवर होती तेव्हा मी मागे जाऊन फळीखालून एक स्क्रू घातला, दांडीत आतपर्यंत, आणि फळी पुन्हा मातीत दाबून टाकली.

दांडी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने शेजाऱ्याचं ट्रॅम्पोलिन उलटं केलं, तरी दांडी उभी. मुलगी शाळेच्या कॉलवर सगळ्या वर्गाला सांगत सुटली. बाबांनी आईला फोनवर सांगितलं, "अगं, उभा राहिला. काही न लावता." आणि आई हसली. बहीण गेल्यानंतर ती हसल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी भांडी घासत होतो. आत्ताच सांगून टाकावं असं एकदा वाटलं, मग वाटलं आता कशाला, आणि मी नळ जोरात सोडला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मुलीने खांबावर देवदूत बसवायला नकार दिला. खऱ्या खांबावर क्रूस धरलेला देवदूत आहे. तिचं म्हणणं, हा दिवाळीचा किल्ला आहे, वर महाराजच हवेत, आणि पुण्याहून कधीतरी आलेली महाराजांची छोटी मूर्ती ती घेऊनही आली. बाबांनी थोडी कुरकुर केली, मग म्हणाले की एवढ्या बाहेरच्या लोकांनी मिळून बांधलेल्या चौकात महाराजांना कोणी नाही म्हणणार नाही. मूर्ती बसवायला खाच करावी लागणार होती. मुलगी आत पटाशी आणायला गेली. बाबांनी खांब उचलला आणि त्याच्याबरोबर फळी वर आली.

त्यांनी फळी उलटी करून पाहिली. मी दारातच होतो.

"कधी घातलास?"

"आठवडा झाला."

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणजे माहीत होतं तुला," बाबा म्हणाले.

ते रागावले असते तर मी कदाचित वाचलो असतो. स्क्रूबद्दल सॉरी म्हणून विषय संपला असता. पण त्यांनी फळी खाली ठेवली, हात झटकले आणि माझ्याकडे बघत राहिले, विद्यार्थ्याने दुसऱ्याचं ड्रॉइंग आणून दिलं की बघत असतील तसे. आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.

"ऑगस्टमध्ये तुमचा नंबर लागला होता. मी उत्तर दिलं नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, ईमेल, दोन दिवस, विमानाचा वार. पुण्यातल्या खाटा, स्टेंट, तेही सांगितलं. मुलीपाशी कोण बसेल याची मला काळजी होती, हेही. तुम्ही घरात हवे होतात, हे मला म्हणता आलं नाही. बाबा बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. विमान, मग विलगीकरणाचे दिवस, मग पुण्याला.

"म्हणजे मावशी गेली तेव्हा मी घरी असतो," ते म्हणाले. "दहा-बारा दिवस आधी पोचलो असतो."

"हो."

मुलगी पटाशी घेऊन बाहेर आली. बाबांनी तिच्या हातातून ती घेतली, स्क्रू काढला, खांबाच्या डोक्याला खाच पाडली, महाराज बसवले आणि तिला म्हणाले, "आता वारा आला की पडेल. पडला की आपण उभा करू." मग आत जाऊन त्यांनी बराच वेळ हात धुतले.

तीन दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मी बायकोला सगळं सांगितलं. ती गॅरेजच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तू मला पण विचारलं नाहीस. मी शिफ्ट स्वॅप केल्या असत्या रे." नंतर म्हणाली, आईंना सांगावं लागेल. मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी फोनच्या वेळी मी स्वयंपाकघरात सफरचंद कापत होतो आणि मनात वाक्यं जुळवत होतो. आज सांगायचं, असं ठरवलं होतं. बाबांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, गोळ्या घेतल्या का, दूधवाला आला का, हे सगळं झालं.

मग बाबाच म्हणाले, "अगं, एक सांगायचं राहिलंय. ऑगस्टमध्ये माझा नंबर लागला होता."

पलीकडे भांड्याचा आवाज थांबला.

"मीच नको म्हटलं," बाबा म्हणाले. "हा म्हणत होता जा म्हणून. पण तिकडे एवढी साथ, माझी शुगर. मी घाबरलो."

मी सुरी खाली ठेवली. बाबांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून.

आईने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मला सांगायचंत तरी. मी रोज विचारत होते."

"हो."

"रोज विचारत होते हो मी."

"हो गं. चुकलं माझं."

"असू दे," आई म्हणाली. "नातीला द्या जरा फोन."

मुलगी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मी म्हटलं, "बाबा, हे तुम्ही काय केलंत? मी आत्ता तिला खरं सांगतो."

"काही सांगायचं नाहीस," ते म्हणाले. "माझ्यावर रागावणं तिला जमतं. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे. तुझ्यावर तिला नाही जमायचं आणि मग ती आतल्या आत कुढत बसेल." त्यांनी कापलेल्या सफरचंदाची एक फोड उचलली आणि खाल्ली. "आणि मला विचारू नकोस की मी तुला माफ केलं का. ते अजून झालेलं नाही."

जानेवारीत त्यांना जागा मिळाली आणि ते गेले. विमानतळावर त्यांनी नातीला कवेत घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. माफ झालं का ते मी अजून विचारलेलं नाही.

मी त्यांचं ऐकलं आणि गप्प राहिलो. सुरुवातीला त्यांचा मान म्हणून, नंतर सोयीचं म्हणून. मागच्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो होतो. जेवायला मामा आले होते, साथीच्या दिवसांच्या आठवणी निघाल्या, कोण कुठे अडकलं, कोणाचं काय झालं. आई वाढत होती. ती म्हणाली, "यांना तर तेव्हा विमान मिळत होतं. घाबरले आणि आले नाहीत. ताईला मी एकटीने पोचवलं." आवाजात राग नव्हता. असं ती बऱ्याचदा सांगत असावी, कारण मामांनी नुसती मान हलवली. बाबा म्हणाले, "हो, घाबरलो होतो," आणि ताक प्यायले.

मी पानाकडे बघत होतो. बाबांनी ते पाहिलं आणि आईला म्हणाले, "अगं, याचं पान रिकामं आहे." आईने एक पोळी घेतली, तिला दोन्ही बाजूंनी तूप लावलं आणि मला वाढली.